उन्हाळ्यातील नेमबाजी : थांबण्याचा निर्णय कोणाचा?

(नेमबाजी व धनुर्विद्या यांच्या मैदानी शिबिरांची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकांच्या व अधिकाऱ्यांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळी सुट्टी लागली की आपल्याकडे शिबिरांचा हंगाम सुरू होतो. मुलांना सवड असते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि ऊन सर्वांत कडक असते तेही याच दिवसांत. कबड्डी किंवा खो-खोचा सराव सायंकाळच्या गारव्यात उरकता येतो. नेमबाजीचे तसे नाही. १० मीटरची नेमबाजी बंदिस्त दालनात चालते; परंतु ५० मीटर व ३०० मीटरची रायफल, उडत्या तबकड्यांवरील नेमबाजी आणि धनुर्विद्या यांना बहुधा उघडे आकाशच लागते. एका तुकडीचा सराव चालू असताना दुसरी तुकडी रांगेत तिष्ठत असते, तिसरी लक्ष्यफलकांपाशी काम करीत असते, आणि पाहता पाहता सूर्य डोक्यावर येतो.

या क्रीडाप्रकारांत महाराष्ट्राने मोठा लौकिक मिळविला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक विजेतेपद पटकाविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. साताऱ्याच्या आदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे हे दोघे २०२३ साली बर्लिन येथे धनुर्विद्येचे जगज्जेते ठरले. त्यांच्या यशामुळे खेड्यापाड्यांतील मुले या खेळांकडे वळू लागली असतील, तर त्यांना सुखरूप घरी परत पाठविण्याची जबाबदारीही तितकीच वाढली आहे. त्या जबाबदारीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

स्थिर उभे राहण्याचे श्रम

नेमबाज धावत नाही, उड्या मारीत नाही. तेव्हा त्याला उन्हाचा त्रास तो कितीसा होणार, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. धावणाऱ्याच्या अंगावरून निदान वारा तरी वाहतो. रायफल नेमबाज कॅनव्हासचे जाड जाकीट व पायघोळ विजार घालून, पट्टे आवळून, मिनिटेच्या मिनिटे निश्चल असतो. त्या जाकिटाच्या आत आलेला घाम सुकत नाही. आणि जो घाम सुकत नाही तो शरीर थंडही करीत नाही. पालथे पडून नेम धरणाऱ्यास जमिनीची धग लागते ती वेगळीच. मे महिन्याच्या दुपारी उघड्या फरशीचे वा वाळूचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते.

शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंशांवर राखण्यासाठी हृदय अधिक रक्त त्वचेकडे पाठविते व त्याकरिता नाडीचे ठोके वाढतात. शांतपणे चाप ओढू पाहणाऱ्या नेमबाजाला नेमकी हीच गोष्ट प्रतिकूल ठरते, कारण प्रत्येक ठोक्यासरशी नळीचे टोक किंचित हलते. त्यातच बराच वेळ एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साचते आणि भोवळ येते. संचलनात उभे असलेले धट्टेकट्टे जवान एकाएकी कोसळतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पाण्याचा हिशेब करून पाहा. उन्हात तासाला एक लीटर घाम जाणे ही काही असाधारण गोष्ट नव्हे. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लीटर पाणी कमी झाले, म्हणजे वजनाचा सुमारे दोन टक्के भाग गेला, की एकाग्रता ढळू लागते. तहान मात्र पुष्कळदा त्यानंतर लागते.

डोळा, वारा आणि काडतूस

तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि तिच्यातून पाहताना लक्ष्याचा काळा ठिपकाही तरंगू लागतो. आपण ज्याला मृगजळ म्हणतो त्याचाच हा प्रकार. अनुभवी नेमबाज दुर्बिणीतून या लहरी वाचून वाऱ्याचा अंदाज घेतात. लहरी ज्या दिशेस झुकतात त्या दिशेस वारा वाहत असतो. त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडलेला असतो किंवा दिशा बदलण्याच्या बेतात असतो. प्रौढ खेळाडूने ही विद्या अवश्य शिकावी. नवशिक्या विद्यार्थ्याला मात्र ठिपका हलतो आहे की आपला हात हलतो आहे, हेच उमगत नाही. तो हात सुधारू पाहतो, श्वास अधिक रोखून धरतो आणि अधिकच थकतो. डोळ्यांत उतरणारा खारट घाम त्यात भर घालतो. अशा वेळी झाडलेल्या गोळ्यांतून त्याच्या अंगी चुकीच्या सवयी तेवढ्या जडतात. सबब, लक्ष्य स्पष्टपणे लहरू लागले की नवशिक्यांचा सराव त्या सत्रापुरता थांबविणे हे शिक्षणाच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

काडतुसे उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत. दारू तापली म्हणजे ती अधिक वेगाने जळते व गोळीचा वेग बदलतो. लांब पल्ल्यावर त्याचा परिणाम लक्ष्यफलकावर दिसून येतो. तसेच नळी तापलेली असताना काडतूस भरलेले हत्यार तसेच धरून बसू नये.

सर्वांत आधी ढळतो तो विवेक

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. उष्णतेचा परिणाम मेंदूवर होऊ लागला म्हणजे माणसाला स्वतःच्या अवस्थेचा अंदाज राहत नाही. 'मला काही झालेले नाही, आणखी दहा गोळ्या झाडतो,' असे तो प्रामाणिकपणे सांगतो. जिद्दीचा विद्यार्थी तर हे हमखास सांगतो, कारण तक्रार न करणे हाच सद्गुण असे आपणच त्याला शिकविलेले असते. इतर खेळांत यामुळे धोका होतो तो त्या खेळाडूला. येथे त्याच्या हातात भरलेले हत्यार असते. भोवळ आलेला, आज्ञा नीट न ऐकणारा, गोंधळलेला नेमबाज शेजाऱ्यांच्या जिवालाही धोका ठरतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, थांबण्याचा निर्णय नेमबाजाच्या सहनशक्तीवर सोपवू नये. तो मैदानाच्या प्रभारी अधिकाऱ्याने, ठरलेल्या नियमानुसार आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. शिबिराचे वेळापत्रक आखतानाच तो घेतला असेल तर उत्तम.

वेळीच केलेल्या उपचाराचे मोल किती, याचे एक उदाहरण देतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २३ जुलै २०२१ रोजी धनुर्विद्येची प्राथमिक फेरी संपता संपता रशियाची तिरंदाज स्वेतलाना गोम्बोएवा मैदानातच कोसळली. त्या दिवशी पारा तीस अंशांच्या थोडाच पुढे होता, पण हवा दमट होती. सहकाऱ्यांनी तिला तत्काळ सावली व बर्फाचा शेक दिला. ती सावरली, आणि दोनच दिवसांनी तिच्या संघाने रौप्यपदक जिंकले. जागतिक दर्जाच्या खेळाडूला तीस-बत्तीस अंशांत हे होऊ शकते, तर चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत, जेथे पारा ४५ अंशांवर जातो, तेथील शाळकरी मुलांचा विचार आपण किती आधी करावयास हवा!

केवळ पारा पाहून भागत नाही

हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर गेले असेल, तर उष्णतेची लाट समजली जाते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांपासून सुरू होते, कारण दमट हवेत घाम सुकत नाही. कोकणातील ३७ अंश हे विदर्भातील ३७ अंशांहून शरीराला जड जातात, ते यामुळेच.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सैनिकी प्रशिक्षण केंद्रांत उष्माघाताचे प्रकार फार होऊ लागले, तेव्हा तेथील तज्ज्ञांनी एक संयुक्त निर्देशांक तयार केला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचे मान ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाचे २० टक्के आणि सावलीतील साध्या तापमापकाचे १० टक्के, असा तो हिशेब आहे. ओल्या कापडाला दिलेले वजन पाहिले म्हणजे दमटपणाचे महत्त्व ध्यानी येते. हा निर्देशांक सुमारे ३२ अंशांवर गेला की तेथे काळे निशाण चढते आणि श्रमाचा सराव थांबतो. त्यावर वाद होत नाही, मनधरणी होत नाही. आपल्या शिबिरांत उपकरण नसेल तर हवामान खात्याचा रोजचा इशारा फलकावर लिहावा आणि नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी मैदानी सराव ठेवूच नये.

व्यवस्थेची काही सूत्रे

पहिले सूत्र वेळेचे. मे महिन्यात विदर्भात सूर्योदय सहाच्या आत होतो. पहिली तुकडी सहा वाजता सज्ज असावी व साडेनऊपर्यंत मैदान रिकामे व्हावे. हत्यारांची निगा, सुरक्षेचे नियम, गोळी न भरता केलेला कोरडा सराव हे सारे दुपारी छपराखाली घेता येते. सायंकाळी पाचनंतर पुन्हा मैदान खुले करावे. नवीन मैदान आखताना नेमबाजाचे तोंड शक्यतो उत्तरेकडे राहील अशी योजना करावी, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही.

दुसरे सूत्र सवयीचे. उष्णतेस सरावण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंड प्रदेशातून आलेल्या मुलास पहिल्याच दिवशी पूर्ण सत्र देऊ नये. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन-चार दिवस हलके असावेत.

तिसरे सूत्र सावलीचे. नेमबाजांच्या रांगेवर आणि वाट पाहणाऱ्या तुकडीवर मांडव हवा. बांबूच्या तट्ट्या आणि पाणी मारलेले वाळ्याचे पडदे यांनी थोड्या खर्चात पुष्कळ काम होते. जाकीट पाळी आल्यावरच चढवावे व पाळी संपताच उतरवावे. बट पार्टीतील, म्हणजे लक्ष्यफलकांपाशी खंदकात बसणाऱ्या, मुलांचा आपल्याला हमखास विसर पडतो. तेथे वाराही पोहोचत नाही. त्यांच्या पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलाव्यात.

चौथे सूत्र पाण्याचे. माठ नेमबाजांच्या रांगेजवळ असावेत, व दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी पिण्याची आज्ञाच असावी. ताक, लिंबाचे सरबत, पन्हे, कोकम सरबत हे आपले जुने उपाय उत्तम आहेत. फार घाम गेला असल्यास क्षारसंजीवनी द्यावी. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो कॉलराग्रस्तांना जगविले, ते मीठ व साखरेच्या अशाच द्रावणाने. पाकीट मिळत नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मिठाच्या गोळ्या देऊ नयेत. तसेच एका दमात घागरभर पाणीही पाजू नये.

प्रसंग ओढवल्यास

पायांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, खूप घाम व थकवा ही पूर्वसूचना होय. अशा मुलास सावलीत निजवून, पाय उंच करून, कपडे सैल करावेत व पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, तो आज्ञा मानीनासा झाला किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. आणि अशा वर्तनास बेशिस्त समजून रागावूही नये.

प्रथम गोळीबार थांबविण्याची आज्ञा द्यावी, हत्याराचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून ते ताब्यात घ्यावे व रिकामे करावे. लगेच रुग्णास सावलीत आणून, जाकीट काढून, सर्वांगावर गार पाणी ओतावे व वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काखा व जांघा यांवर ठेवावा. मोठा हौद असेल तर डोके सांभाळून त्यात गळ्यापर्यंत बसविणे सर्वांत परिणामकारक. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे; पण वाहनाची वाट पाहत हात बांधून बसू नये. शरीर थंड करण्यास लागलीच सुरुवात करावी आणि ते काम वाटेतही चालू ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा

शिबिरासाठी जागा देताना ग्रामपंचायतीने तीन गोष्टी विचाराव्यात : सत्रांच्या वेळा कोणत्या, पाण्याची व सावलीची सोय काय, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास पूर्वसूचना दिली आहे काय. पाण्याने भरलेला एक हौद मैदानालगत उभा करणे पंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. शिक्षकांनी शिबिरापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे आजारपण, चालू असलेली औषधे आणि नुकताच येऊन गेलेला ताप यांची नोंद घ्यावी. त्या वहीत सराव थांबविण्याचा अधिकार कोणाचा, त्याचे नावही लिहावे व ते सर्वांना वाचून दाखवावे. ज्याच्याकडे हा अधिकार असेल त्याने स्वतः त्या वेळी गोळ्या झाडू नयेत.

एखादे सत्र रद्द झाले म्हणून कोणाचे पदक हुकत नाही. तो सराव दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पुन्हा घेता येतो. यंदाच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एकदा तरी, कोणालाही काही होण्यापूर्वी, मैदानावरील लाल निशाण उतरवून मुलांना मांडवाखाली बोलवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.