मेंदूतील गुंता आपोआप सुटतो काय?

(खर्डा येथील वार्षिक संमेलनात एका डॉक्टर ज्ञातिबंधूंनी केलेले भाषण)



मार्च १७९५ मध्ये मराठ्यांपुढे माघार घेऊन निजामाने आपल्या याच खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. वेढ्यात पाण्यावाचून हाल झाले आणि त्यास तह करावा लागला. प्रवाह तुटला की बळकट ठाणेही टिकत नाही. आजचा माझा विषय असाच एका प्रवाहाचा आहे.

रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे असते. काही जणांच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी ते नसते. तेथे रोहिणीतील रक्त वाहिन्यांच्या एका गुंतवळीतून थेट नीलेत घुसते. तो जोर असह्य झाला म्हणजे रक्तस्राव होतो. हा धोका दर वर्षी शेकडा दोन ते चार मानतात.

लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधली. तेव्हापासून हा गुंता जिवंत माणसात दिसू लागला. पुढे एक नवलही दिसले. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाही, तरी काही रुग्णांच्या नंतरच्या चित्रांतून गुंता नाहीसा झालेला!

यात चमत्कार नाही. असे गुंते बहुधा लहान असतात, त्यांतील रक्त वाहून नेणारी नीला बहुधा एकच असते, आणि पुष्कळदा आधी रक्तस्राव झालेला असतो. गुठळीने ती नीला बुजली की मागील रक्त साकळते व प्रवाह थांबतो.

परंतु असे भाग्य शंभरांत जेमतेम एकाचे. शिवाय ज्या रक्तस्रावानंतर गुंता मिटतो, त्याच रक्तस्रावाने माणूसही दगावतो. मिटलेला गुंता पुन्हा दिसू लागल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. या गुंत्याचे पहिले लक्षण कित्येकदा फेफरे हेच असते. लग्न जमणार नाही या भीतीने उपवर मुलीचे फेफरे लपवू नका. एकाएकी असह्य डोके दुखू लागले तर कपाळाला सुंठ लावून रात्र काढू नका. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. उपचार कोणता व केव्हा, हे मेंदूतज्ज्ञास ठरवू द्या. गुंता नाहीसा झाला, तर नवस अवश्य फेडा. पण फेरतपासणी चुकवू नका.

देवाने बुद्धी दिली आहे, ती वेळीच वापरणे हीही त्याची पूजाच होय.