शील आणि विनय : पाचव्या शीलाचा चंद्रपूर-गडचिरोलीतील अर्थ



१६ ऑक्टोबर १९५६ हा दिवस चंद्रपूरच्या इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. नागपूरच्या दीक्षा समारंभानंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नगरात आले आणि येथेही फार मोठ्या जनसमुदायाला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. पुढे राज्यसभेचे उपसभापती झालेले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या आयोजनात पुढाकार होता. दीक्षा घेणाऱ्यांनी पंचशील उच्चारले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. या दोहोंतही मद्य न घेण्याचा निश्चय आहे. त्या निश्चयाचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ एका समाजाचा नाही. दारूबंदी मागणारा, मिळवणारा आणि पुढे गमावणारा हा प्रदेश आहे. म्हणून तो येथील प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

पाचव्या शीलाची शब्दरचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. ‘पिऊ नकोस’ अशी कोणी दिलेली ती आज्ञा नाही. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे, ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा नियम, आणि तो नियम उपासक स्वतःच्या तोंडाने ग्रहण करतो. मद्याला तेथे पाप म्हटलेले नाही. ‘प्रमादाचे स्थान’ म्हटले आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. सावधपणा सुटला की हिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून आवरून धरणारी पहिली चारही शीले सैल पडतात. पाचवे शील हे अशा रीतीने उरलेल्या चारांचे कुंपण आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले. डोळ्यांदेखत होणारा धननाश, भांडणांची वाढ, रोगांचा शिरकाव, अपकीर्ती, लज्जेचा लोप आणि बुद्धीची क्षीणता. यात परलोकाच्या भयाचा एक शब्दही नाही. कोळसा खाणीच्या वसाहतीत अथवा तेंदूपानांच्या हंगामानंतर एखाद्या खेड्यात ही यादी वाचून दाखवली, तर तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. त्यातही पहिले दोन तोटे आधी घरातील स्त्रीच्या वाट्याला येतात. मजुरी घरी पोहोचत नाही आणि भांडण मात्र घरी पोहोचते.

भिक्षूंसाठी मद्यबंदीचा नियम कसा झाला, ही विनयपिटकातील कथाही उद्बोधक आहे. सागत नावाच्या भिक्षूने भद्दवतिका गावाजवळच्या एका आश्रमातील भयंकर नागाला आपल्या सामर्थ्याने नमवले. (ते गाव कोसंबीच्या परिसरातले, विजासन लेण्यांतील बुद्धमूर्तींमुळे आणि भद्रनागाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती ती नव्हे. साम्य नावापुरतेच.) सागताची कीर्ती कोसंबीत पोहोचली. नागरिकांनी त्याचा सन्मान करण्यासाठी घरोघरी मद्य तयार ठेवले. तो प्रत्येक दारी थोडे थोडे घेत गेला आणि अखेर नगराच्या वेशीशी कोसळला. जो नागाला नमवू शकला, तो आता पाण्यातल्या साध्या सापालाही नमवू शकेल काय, असे विचारून भगवंतांनी नियम घालून दिला.

या कथेत दोष एकट्या सागताचा नाही. संपूर्ण नगराने आदरातिथ्य म्हणून त्याला पाजले. प्रत्येक दारी पेला भरलेला असेल, तर नागाला जिंकणाराही टिकत नाही. म्हणून बौद्ध परंपरेत शील आहे आणि विनयही आहे. शील प्रत्येकाने स्वतः घ्यावयाचे. विनय हा संघाचा नियम, त्याचे पालन सर्वांनी मिळून सांभाळावयाचे. चंद्रपूर-गडचिरोलीचा अनुभव या दोन शब्दांच्या प्रकाशात पाहिला म्हणजे स्पष्ट होतो.

गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. पण बळ होते ते खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीनंतर काम संपले असे तेथे मानले गेले नाही. चोरटी विक्री थांबवण्यासाठी गावोगावच्या संघटना पुढेही झटत राहिल्या आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने त्या कामाला संघटित रूप दिले.

चंद्रपुरातही श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी दीर्घ लढा दिला. २०१० मध्ये त्या चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री वाढली, गुन्हेगारी वाढली, महसूल बुडाला, ही कारणे देण्यात आली. कारणांत तथ्य किती यावर वाद होऊ शकतो. परंतु कायदा मोडला जातो म्हणून कायदाच काढून टाकावा, हा न्याय चोरीच्या बाबतीत कोणी लावत नाही. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, ज्या वस्तीत बंदीला घराघरांतून पाठबळ मिळत नाही तेथे ती पोलिसांच्या दप्तरात उरते. शीलाविना विनय पोकळ होतो. उलट, विनयाविना शील एकटे पडते. व्यसन सोडू पाहणाऱ्या मजुराच्या घराच्या वाटेवरच दुकान असेल, तर त्याला रोज सागताची परीक्षा द्यावी लागते.

बौद्ध विचार केवळ पिणाऱ्यापाशी थांबत नाही. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस आणि विष यांच्याबरोबर मद्यही आहे. मग महसुलासाठी मद्यविक्रीवर अवलंबून राहणाऱ्या राज्यसंस्थेने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. संविधानाच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवलेच आहे. मात्र नुसती शिक्षा हा उपाय नव्हे. कूटदंत सुत्तातील राजाला त्याचा पुरोहित सांगतो की, दंडाने चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दे. पोटासाठी हातभट्टी लावणाऱ्या कुटुंबाला दुसरे काम मिळाले, तरच त्याची भट्टी कायमची विझेल.

येथे एक विवेक आवश्यक आहे. गोंड, माडिया या जनजातींच्या जीवनात मोहाच्या झाडाला पूज्य स्थान आहे. देवापुढे, पूर्वजांपुढे पानाच्या द्रोणातून मोहाची दारू अर्पण केली जाते. हा विधी आणि परजिल्ह्यातून येणाऱ्या बाटल्यांचा धंदा या एक गोष्टी नव्हेत. विधीची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी. बाहेरून जाऊन उपदेश करणाऱ्याने आधी तेथील स्त्रियांचे ऐकावे.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची तरतूद आहे. ‘आडवी बाटली’ हे चिन्ह त्यामुळेच घराघरांत पोहोचले. बंदी उठलेल्या जिल्ह्यातही हा मार्ग मोकळा आहे. कार्यकर्त्याचे काम तेथून सुरू होते. मतदानापूर्वी घरोघरी जाणे, मतदानानंतर सोडणाऱ्याच्या सोबत बसणे आणि लग्नकार्यात, निवडणुकीत, मित्रमंडळींत आपल्या दारी पेला भरू न देणे. कोसंबीच्या नागरिकांनी तेवढे केले असते, तर सागत वेशीशी पडला नसता.