सुखाचा प्रवास आणि मोटारीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर

चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी मोटार ही एके काळीं लष्कराची, जंगलखात्याची किंवा धरणावरच्या इंजिनिअराची गाडी समजली जाई. अमेरिकेंत १९४१ सालीं विलिस कंपनीची जी जीप सैन्यासाठीं कारखान्यांतून बाहेर पडूं लागली, तिच्यांत बसणाराच्या पाठीची चिंता फारशी कोणी केलेली नव्हती. गाडीनें चिखल तुडवावा, नाला ओलांडावा आणि मोडूं नये, एवढेंच तिचें कर्तव्य. आज त्याच जातीची गाडी शहरांतील सोसायटीच्या आवारांत उभी दिसते. ती मुलांना शाळेंत पोंचविते, गृहस्थाला कचेरींत नेते, आजारी माणसाला इस्पितळांत घेऊन जाते, आणि महिन्यांतून एखादे वेळीं ताम्हिणी घाट उतरून कोंकणांत जाते. अशा गाडीच्या मालकाला कांहीं वर्षांनीं एक प्रश्न हटकून पडतो. गाडी आदळूं लागलेली असते, घरांतील वडील माणसें पाठ धरून उतरतात, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, शॉकअप बदला.’ बदलावयाचे खरे, पण कोणते?

या प्रश्नाचें उत्तर किंमतीच्या पाटीवर सांपडत नाहीं. त्यासाठीं या वस्तूचें काम काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. शॉक अ‍ॅब्झॉर्बर म्हणजे धक्का गिळणारा, असें नांवावरून वाटतें. परंतु धक्का गिळण्याचें काम मुख्यतः स्प्रिंग करते. चाक उंचवट्यावर चढलें कीं स्प्रिंग दबते आणि ती शक्ति आपल्या पोटांत साठविते. साठविलेलें परत देणें हा तिचा धर्म. म्हणून नुसत्या स्प्रिंगांवर ठेविलेली गाडी, एकदां झोका दिलेल्या पाळण्याप्रमाणें, एका उंचवट्यानंतर कितीतरी वेळ खालींवर होत राहील. पाळण्याला हात लावून तो थांबवावा, तसा या झोक्याला आवर घालणें हें शॉक अ‍ॅब्झॉर्बरचें काम. त्याच्या नळकांड्यांतील तेलांतून एक दट्ट्या फिरतो. दट्ट्याला बारीक भोकें आणि झडपा असतात. त्यांतून तेल रेटलें जातांना झोक्याच्या शक्तीची उष्णता होते व ती हवेंत निघून जाते. खराब रस्त्यावरून लांबचा पल्ला मारून आल्यावर हें नळकांडें तापलेलें असतें तें यामुळेंच. हात जपून लावावा. चारांपैकीं तीन गरम आणि एक गार लागलें, तर त्या गार नळकांड्यानें काम सोडलें आहे, अशी शंका घ्यावी.

रंगपंचमीच्या पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर सहज पुढें सरकतो. जोरानें दाबला तर हाताला अडवितो. शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा विरोधहि असाच दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो. हा वेग म्हणजे गाडीचा वेग नव्हे. ताशीं ८० किलोमीटरनें वळण घेणारी गाडी हळूहळू कलते, तेव्हां दट्ट्या मंद चालतो. उलट ताशीं २० किलोमीटरनें जाणाऱ्या गाडीचें चाक तीक्ष्ण कांठाच्या खड्ड्यांत पडलें, तर दट्ट्या वेगानें धांवतो. उत्तम शॉक अ‍ॅब्झॉर्बर मंद हालचालीला पुरेसा विरोध करतो. त्यामुळें उंच गाडी वळणावर डोलत नाहीं आणि ब्रेक लावतांच नाक खुपसत नाहीं. जलद हालचालीच्या वेळीं मात्र त्याची झडप उघडते, तेलाला मोठी वाट मिळते आणि खड्ड्याचा ठोसा बसणाराच्या कण्यापर्यंत पोंचत नाहीं. ‘मऊ द्या’ किंवा ‘कडक द्या’ एवढ्या दोन शब्दांवर खरेदी करणारा येथेंच फसतो. सुख हवें असेल त्यानें मंद हालचालींत धीट आणि जलद हालचालींत उदार, असा मेळ शोधावा.

फाजील कडकपणा सुखाला कसा मारक होतो, तेंहि पाहण्यासारखें आहे. आरामशीर मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला सुमारें एक ते दीड वेळां खालींवर होतो, आणि हा झोका माणसाला फारसा जाचत नाहीं. बसलेल्या माणसाच्या धडाला अधिक जाच होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळां होणाऱ्या हादऱ्यांचा. शॉक अ‍ॅब्झॉर्बर गरजेपेक्षां कडक झाला कीं तो काठीसारखा ताठ राहतो, आणि रस्त्याचे नेमके हेच बारीक हादरे थेट आसनापर्यंत पोंचवितो. गाडी डोलत नाहीं म्हणून चालविणारा खूष असतो. मागें बसलेल्या आजीबाई मात्र घर केव्हां येतें याची वाट पाहत असतात.

फोर-बाय-फोर गाडीची अडचण साध्या मोटारीपेक्षां निराळी आहे. तिच्यापैकीं पुष्कळ गाड्यांना दोन चाकें जोडणारा जड, अखंड आंस असतो. हें वजन स्प्रिंगेच्या खालीं असल्यामुळें चाकाबरोबर उसळतें आणि त्याला आवरणें कठीण जातें. त्यावर हौसेनें मोठे व जड टायर चढविले, तर अडचण आणखी वाढते. स्प्रिंगेचा प्रकारहि पाहावा लागतो. पाट्यांच्या गाडींत पाटे एकमेकांवर घांसत असतात आणि ते घर्षणच थोडा आवर घालतें. गुंडाळीच्या स्प्रिंगेंत तें घर्षण नसतें. इंग्लंडांत १९७० सालीं आलेल्या रेंज रोव्हर गाडीनें चारही चाकांना लांब चालीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा देऊन, रानांतील गाडीहि सुखाची होऊं शकते, हें दाखवून दिलें. आपल्याकडे २०१० सालच्या महिंद्र थारला मागें पाटे होते. २०२० सालच्या थारला तेथेंहि गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. नांव एकच असलें तरी एकीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर दुसरीच्या कामाचे नाहींत.

बाजारांत मुख्य प्रकार दोन. पहिला दुहेरी नळीचा. यांत आंतल्या नळींत दट्ट्या आणि बाहेरच्या नळींत जादा तेल असतें. हा स्वस्त असून स्वभावानें सौम्य असतो, आणि बाहेरच्या नळीला दगडाचा पोंचा आला तरी दट्ट्या सहसा अडत नाहीं. दोष एवढाच, कीं सतत आदळआपट झाली म्हणजे तेल तापतें, त्यांत हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला विरोध करण्याचें बळ नसतें. बाहेरच्या नळींत कमी दाबाचा नायट्रोजन वायु भरला म्हणजे हा दोष पुष्कळ कमी होतो. दुसरा प्रकार एकेरी नळीचा. फ्रेंच इंजिनिअर द कार्बों यांचें नांव त्याच्याशीं जोडलेलें आहे. यांत तेल आणि भारी दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्यें एक तरंगता दट्ट्या असतो. उष्णता लवकर निघून जाते, फेस होत नाहीं, प्रतिसाद तात्काळ मिळतो. परंतु शहरांतल्या बारीक खड्ड्यांवर तो थोडा करकरीत वाटूं शकतो, किंमत अधिक असते, आणि नळीला पोंचा आला कीं तो निकामी होतो. बाहेर वेगळी टांकी जोडलेले भारी शॉक अ‍ॅब्झॉर्बर वाळवंटांतील तासन्‌तास धांवण्यासाठीं उपयोगी. रोज कचेरी व पंधरवड्याला घाट, एवढाच ज्याचा प्रवास, त्यानें वायु भरलेला दुहेरी नळीचा प्रकार प्रथम पाहावा. जो नेहमीं भरलेली गाडी घेऊन लांब कच्च्या वाटेनें जातो, त्यानें एकेरी नळीचा विचार करावा.

मात्र पैसे मोजण्यापूर्वीं दुखणें खरोखर तेथेंच आहे कीं नाहीं, हें तपासावें. टायरांत हवा जास्त भरली असेल तर नवे शॉक अ‍ॅब्झॉर्बरहि गाडी मऊ करूं शकत नाहींत. कारखान्यानें सांगितलेला दाब ठेवून आठ दिवस गाडी चालवावी. झिजलेलीं रबरी बुशें आणि सैल झालेले सांधे पाहावे. पुष्कळदां खडखडाट त्यांचाच असतो. नळकांड्यावर तेलाचा किंचित् ओलसर थर असणें हा दोष नव्हे. तेल ओघळत असेल तर मात्र तें गेलें. टायरावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडणें हीहि झिजलेल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरची एक खूण आहे.

खरेदी करतांना गाडीवर रोज किती ओझें असतें, तें दुकानदाराला खरें सांगावें. पुढें जड लोखंडी संरक्षक आणि मागें सामान, अशा गाडीसाठीं केलेला जोड रिकाम्या गाडीला घातला, तर ती दगडासारखी चालते. लांबी मूळ मापाची असावी. तो आंखूड पडला तर चाक खालीं उतरतांना त्यालाच ताण बसतो. लांब झाला तर रबरी ठोकळ्याला टेकण्यापूर्वींच त्याचा तळ गांठला जातो. एका आंसावरचे दोन्ही एकदम बदलावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचें वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावे; गाडी वर टांगलेली असतांना आवळले तर रबर पिळून लवकर फाटतें. आणि शोभेसाठीं गाडी उंच करण्याचा मोह टाळावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील तपशील व कारखान्याचें मूळ स्वरूप यांत तफावत पडेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हा अर्थ कायम केला.

हा सारा खटाटोप केवळ पाठीच्या सुखासाठीं आहे, असें कोणी समजूं नये. ब्रेक गाडीला थांबवितात ते टायर जमिनीला चिकटून असेल तरच. झिजलेल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरवर चाक रस्त्यावरून उड्या मारतें, आणि जितका वेळ तें हवेंत असतें तितका वेळ ब्रेक असून नसल्यासारखे होतात. पावसांत घाट उतरतांना, समोर अचानक गुरें आडवीं आलीं असतां, हें अंतर जीवनमरणाचें ठरूं शकतें. जो शॉक अ‍ॅब्झॉर्बर वडील माणसांच्या पाठीला जपतो आणि चाक जमिनीवर धरून ठेवितो, तोच चांगला. त्याच्यावरचा रंग कोणता आणि नांव कोणाचें, हा विचार मागाहून केला तरी चालेल.