आधी हात उचलू द्या

(परंडा येथे शिक्षिका व कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सहावी-सातवीच्या मुलींना बॅडमिंटन शिकवताना पहिली अडचण रॅकेटची नसते, हाताची असते. 'क्लिअर' मारायचा तर हात डोक्यावर पूर्ण उचलून फूल मागच्या रेषेपर्यंत धाडावं लागतं. मुली हात अर्धाच उचलतात, ओढणी सावरतात. अंग चोरायला आपणच शिकवलं ना! म्हणून आधी हात उचलू द्या. ड्रॉप, स्मॅश मग.

आता नियम. ते माणसंच करतात. १८७०च्या दशकात या खेळाचे सुरुवातीचे नियम आपल्या पुण्यात, इंग्रजांच्या छावणीत बांधले गेले. पुढे कितीतरी वर्षं एकेरीत पुरुषांचा गेम १५ गुणांचा, बायकांचा ११चा. २००६ साली दोघांनाही २१ गुण झाले. "आधी आम्हांला कमी का?" असं मुली विचारतील. विचारू द्या.

आणि पंच मुलींनाच करा. रेषेवर पडलेलं फूल आत, एवढं पक्कं सांगा. मुलगे आरडाओरडा करतील, तरी निर्णय तिचाच. आणि गुण तिनं असे पुकारावेत, की किल्ल्यापर्यंत ऐकू गेले पाहिजेत!