तंत्रलेखकाचे प्रमाणपत्र : मोल आणि मर्यादा
(रोजगार मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



यंत्र कितीही उत्तम असो, ते चालविण्याची माहितीपुस्तिका दुर्बोध असेल तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. ही पुस्तिका सुबोध करणारा तो तंत्रलेखक. पुणे, बंगळूर येथील संगणक उद्योगात या व्यवसायाने स्थान मिळविले असून त्यात माझ्यासारखे कला शाखेचे पदवीधरही आहेत. वकिलीप्रमाणे येथे सनद सक्तीची नाही. मग नोकरी शोधताना प्रमाणपत्राचा लाभ काय?

अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ या संस्थेने २०११ मध्ये तंत्रलेखकांसाठी व्यावसायिक प्रमाणपत्र सुरू केले. पुढे त्याचे तीन स्तर करण्यात आले. पायाभूत परीक्षेत नियोजन, लेखन, दृश्यमांडणी, संपादन आदी नऊ क्षेत्रांचा समावेश होता. मात्र जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणींमुळे ही संस्थाच बंद झाली. प्रमाणपत्र देणारी संस्था उरली नाही. परीक्षेसाठी केलेला अभ्यास मात्र ज्याचा त्याच्यापाशी राहिला.

यातून बोध घ्यावा. अनुभव नसलेल्या उमेदवाराने विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे, एवढे प्रमाणपत्र सांगू शकते. अनुभवी लेखकाचे बरेचसे काम कंपनीच्या मालकीचे व गोपनीय असते. ते मुलाखतीत दाखविता येत नाही. अशा वेळी त्रयस्थ संस्थेचा दाखला उपयोगी पडतो. परंतु उमेदवाराला प्रत्यक्ष लिहिता येते किंवा नाही, हे जोखण्यासाठी लेखनाचे नमुने मागितले जातात, अनेकदा चाचणीही घेतली जाते. तेथे केवळ कागद कामी येत नाही.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. आपल्याला हव्या असलेल्या जागांच्या जाहिरातींत त्या प्रमाणपत्राची मागणी आहे काय? परीक्षा घेणारी संस्था शिकवणीवर्गापासून स्वतंत्र आहे काय? प्रमाणपत्राची मुदत किती, आणि नूतनीकरणाचा खर्च किती? ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर कर्ज काढून प्रमाणपत्राच्या मागे लागू नये.

त्याआधी एक प्रयोग करावा. घरातील पाण्याचा पंप सुरक्षितपणे सुरू व बंद करण्याच्या सूचना क्रमवार लिहाव्यात. त्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात आणि मग पंप कधी न हाताळलेल्या शेजाऱ्याला वाचावयास द्याव्यात. तो जेथे अडखळेल, तेथे आपले वाक्य सुधारावे. असे तीन नमुने तयार झाले की उमेदवार मुलाखतीस रिकाम्या हाताने जाणार नाही. प्रमाणपत्र त्याला जोड देईल. त्याची जागा घेणार नाही.