नऊ एकांचा डोंगर

श्रोतेहो, जवळ पाटी असेल तर घ्या. एकापासून नवापर्यंत आकडे क्रमाने मांडा, आणि मग आठापासून एकापर्यंत उलटे उतरा. झाली संख्या १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, ती तीच. आकडे सतरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची जी नावे सांगितली, त्यांतल्या ‘मध्य’ स्थानापर्यंत ही पोचते. परार्ध तिथून एकच पायरी वर.

संख्या एवढी मोठी, पण तिचे कूळ साधे आहे. नऊ एक ओळीने लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. हीच संख्या येते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना अशा संख्यांचा मोठा छंद. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

आता असे का होते? लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणा. एकाखाली एक, एकेक घर डावीकडे सरकत, १११ च्या तीन ओळी येतात. उभी बेरीज करा: एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले तर नऊ ओळी होतात, आणि मधल्या रकान्यात नऊ एक जमतात. बेरीज नऊच, म्हणून हातचा येत नाही. सारे गुपित एवढेच.

आणखी एक गंमत पाहा. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, म्हणजे मांडणीत एकूण ८१ एक आहेत. हातचा नसल्याने त्यांतला एकही हरवत नाही. आपल्या संख्येतील आकड्यांची बेरीज करा. ती ८१ च भरते.

मग दहा एक घेतले तर? नऊ वेळा जमले, दहाव्यांदाही जमेल, असे कोणीही म्हणेल. पण उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्ये बसली! मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा एक शेजारच्या नवात गेला, तिथेही दहा झाले आणि पुन्हा हातचा गेला. आता एक होते १००. प्रत्येक हातच्याला दहाच्या जागी एक राहतो, म्हणजे नऊ घटतात. दोन हातच्यांचे अठरा गेले. आकड्यांची बेरीज ८२.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, नुसता नियम पाठ केलेला मुलगा इथे फसतो. कारण समजलेली मुलगी नियम कुठे मोडणार हे आधीच सांगते. तेव्हा उद्या वर्गात उत्तर सांगू नका. ११, १११, ११११ यांचे वर्ग मुलांकडूनच करवून घ्या आणि एवढेच विचारा, “हे कुठवर चालेल, आणि का?” मग थोडा वेळ गप्प बसा.