पाणघोडा, देवमासा आणि चौथीचा वर्ग

प्राथमिक शाळेची सहल प्राणिसंग्रहालयाकडे निघाली की शिक्षकांच्या डोक्यात दिवसभर एकच आकडा घोळत असतो: निघताना चौतीस, परतताना चौतीस. मधल्या चार तासांत मुलांनी काय पाहिले याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. मुले एका पिंजऱ्यावरून दुसऱ्या पिंजऱ्याकडे धावतात, वाघ झोपलेला दिसला म्हणून हिरमुसतात, माकडांना वाकुल्या दाखवितात, झाडाखाली बसून डबे खातात आणि घरी जाऊन सांगतात की फार मजा आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'आमची सहल' हा विषय लिहिला जातो. मग झाडून साऱ्या वह्यांत वाघ डरकाळी फोडतो. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याने शेपटीदेखील हलविलेली नसते.

आनंद झाला हे काही थोडे नव्हे. परंतु विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा जो धडा असतो, तो शिकविण्यासाठी ही सहल काढली असे शाळेच्या दप्तरी लिहिलेले असते. धडा मात्र सहलीच्या आधी पाठ झालेला असतो आणि सहलीनंतरही तसाच पाठ राहतो. पिंजऱ्यांशी त्याची गाठ पडत नाही. ती गाठ कशी पाडता येते, याचे एक उदाहरण बडोद्याचे आहे.

बडोद्याला यासाठी मोठी सोय आहे. विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग १८७९ सालची. बडोदेकर मराठी मंडळी तिला अजून कमाटी बाग म्हणतात. ज्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला, त्यांच्याच नावाची ही बाग. एकाच आवारात जिवंत प्राण्यांचे पिंजरे आहेत, पुराणवस्तूंचे आणि सृष्टिविज्ञानाचे संग्रहालय आहे, आणि खालून जी नदी वाहते तिच्यात शहराच्या मध्यावर मगरी राहतात. इतकी सामग्री एका हाकेच्या अंतरावर क्वचितच कुठे मिळेल.

येथल्या एका मराठी शाळेच्या चौथीच्या वर्गाला थंडीच्या दिवसांत या बागेत न्यायचे होते. आदल्या दिवशी बाईंनी मुलांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटापुढे चोवीस चित्रे ठेवली. "जे जे एकत्र शोभतील त्यांचे ढीग करा," एवढेच सांगितले. किती ढीग, कशावरून, काही नाही.

मुलांनी केलेले ढीग पाहण्याजोगे होते. पाण्यातले, उडणारे आणि चार पायांचे हे तीन ढीग बहुतेक गटांत झाले. एका गटाने 'आपण खातो ते' आणि 'आपल्याला खातात ते' असे दोनच ढीग करून काम संपविले. दुसऱ्या एका गटाच्या ढिगात साप, बेडूक आणि मगर एकत्र होती. हे कोण, असे विचारताच उत्तर आले, "पुरात घरी येतात ते." २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा वस्तीत शिरलेल्या मगरी बडोदेकरांनी पाहिल्या. ज्या घरात पाणी भरले त्या घरातल्या मुलाने केलेला हा ढीग होता, आणि त्याला चुकीचा म्हणण्याची बाईंना घाई वाटली नाही.

ती वाटू नये हेच योग्य. ढीग ज्या कामासाठी करायचा त्यावर त्याची खूण ठरते. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्यात खाण्यास निषिद्ध अशा पक्ष्यांची यादी दिली आहे आणि तिच्यात वटवाघळाचेही नाव येते. ते पुस्तक प्राणिशास्त्र शिकविण्यासाठी लिहिलेले नाही. काय खावे व काय खाऊ नये हे सांगण्यासाठी ते आहे, आणि त्या कामाला पंखांची खूण पुरेशी होती. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार प्रकार सांगितले. तेथे खूण जन्माची होती. पुरात घरी येणाऱ्यांची यादी ज्याला जीव वाचवायचा आहे त्याच्या कामाची. शास्त्राला नाते शोधायचे असते, म्हणून त्याच्या खुणा निराळ्या.

बाईंना खरी काळजी लागली ती दुसऱ्याच चित्राने. देवमाशाचे चित्र सहाही गटांनी माशांत ठेवले होते. त्यांपैकी एका गटात वर्गातली सर्वांत हुशार मुलगी होती. पंधरा दिवसांपूर्वीच्या चाचणीत तिने 'देवमासा हा सस्तन प्राणी आहे' हे वाक्य अचूक लिहून पूर्ण गुण मिळविले होते. आज त्याच हाताने तिने ते चित्र पापलेटाशेजारी ठेवले. बाईंनी विचारले तेव्हा ती गोंधळली नाही. म्हणाली, "ते उत्तर आहे. पण नावातच मासा आहे ना."

श्रोतेहो, या एका वाक्यात आपल्या प्राथमिक शिक्षणाचे बरेचसे दुखणे आले. उत्तर एका कप्प्यात आणि समज दुसऱ्या कप्प्यात. दोघे एकाच डोक्यात वर्षानुवर्षे नांदतात, परंतु एकमेकांशी बोलत नाहीत. परीक्षा पहिला कप्पा उघडून पाहते आणि समाधान पावते.

मुलीचा दोष नव्हता. भाषाच मुलाला आधी नाव देते आणि नावाबरोबर एक नाते चिकटवून देते. पाणघोडा म्हटले की घोडा आला. खवल्या मांजर म्हटले की मांजर आले. तारामासा हा तर मासा नव्हेच, त्याला पाठीचा कणाही नाही. त्या वर्गातली अर्धी मुले गल्लीत गुजराती बोलणारी. त्यांच्या जिभेवर वटवाघळाचे नाव 'चामाचीडियुं', आणि त्यात चिडी ऐकू येते. उलट काही नावे भलतीच खरी निघतात. मांजर ही वाघाची मावशी, हे आजीचे बोलणे शास्त्राला पूर्ण मान्य आहे, दोघांचे कुळ एकच. सापसुरळीला खेड्यात सापाची मावशी म्हणतात. ती बिचारी निरुपद्रवी, तिच्यात विष नाही, तरी नाते खोटे नाही. साप आणि पाली-सरडे एकाच गणातले. नीलगाईला मुले हरणांत घालतात, पण ती गाईच्याच कुळातली आहे. तेव्हा नाव कधी फसविते, कधी वाट दाखविते. कोणते कधी, हे अंग पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून बाईंनी सहलीसाठी प्रत्येक जोडीला तीन प्रश्नांची चिठ्ठी दिली. अंगावर काय आहे: केस, पिसे, खवले की नुसती ओली कातडी? श्वास कशाने घेतो? पिल्लू कसे जन्मते आणि काय पिते? पिंजरे पाहायचे ते चारच ठरले. बाकीचे दुपारी, मोकळ्या वेळात. हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा. चाळीस पिंजरे पाहिलेल्या मुलाने काहीच पाहिलेले नसते.

पक्ष्यांच्या जाळीपाशी 'उडतो तो पक्षी' हे मत टिकले नाही. मोर बराच वेळ चालतच राहिला, आणि शहामृग मुळीच उडत नाही हे एका मुलाला ठाऊक होते. मग उरले काय? खाली पडलेले एक पीस उचलून मुलांनी ते आळीपाळीने हातात धरले. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसे केवळ पक्ष्यांनाच असतात. हरणांच्या कुंपणाशी चितळाच्या फाटे फुटलेल्या शिंगांवर आणि काळविटाच्या पिळाच्या शिंगांवर वाद झाला. पहिली दरसाल गळून नवी येतात, दुसरी जन्मभर राहतात. ही माहिती मुलांना कुंपणापाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने दिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिंजऱ्याबाहेरून दिसत नाही, ते विचारावेच लागते. प्राण्यांना रोज खाऊ घालणारी ही माणसे फार जाणतात. शाळा त्यांना सहसा विचारीत नाहीत.

पुलावरून खाली काठावर एक मगर उन्हात पडलेली दिसली. ती उन्हात का पडते हे एरवी 'थंड रक्ताचा प्राणी' या शब्दांनी उरकले जाते, आणि मुलांना वाटते की तिचे रक्त बर्फासारखे असते. बाईंनी मुलांना आपापला हात उन्हात तापलेल्या कठड्यावर ठेवायला सांगितले आणि मग म्हणाल्या, "आपली ऊब आतून येते, तिला ती बाहेरून घ्यावी लागते." मगर पाण्यात राहते, मग मासा का नाही, या प्रश्नाला तिच्या तोंडाच्या टोकावरच्या नाकपुड्यांनी उत्तर दिले. मगर काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पिल्ले तोंडात धरून पाण्यात नेते, हे ऐकून पुरात घर बुडालेला तो मुलगा कठड्यावरून बराच वेळ हलला नाही. आजच्या सजीवांत मगरीचे सर्वांत जवळचे नातलग पाली-सरडे नसून पक्षी आहेत, हे बाईंनी तेथे सांगितले नाही. चौथीच्या मुलांसाठी ते पुढे ठेवणेच बरे.

पाणघोड्याच्या हौदापाशी मात्र वेळ घालविला. आधी पाण्यावर दोन कान आणि दोन नाकपुड्या एवढेच होते. मग ते धूड वर आले. पायाला खूर एक नव्हे, चार बोटे. अंगावर केस जवळजवळ नाहीत, ओठांवर मात्र राठ केस. पिल्लू जिवंत जन्मते आणि पाण्याखालीसुद्धा आईचे दूध पिते. घोड्याशी जमेना, डुकराशी थोडेसे जमते असे मुलांचे मत पडले. पूर्वी शास्त्रज्ञांचेही मत तेच होते.

तेथून मुले संग्रहालयात गेली. निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून प्रथम सर्व गप्प झाली. निळा देवमासा हा आजवर पृथ्वीवर झालेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा मानला जातो. पण बाईंनी त्यांना आकारमानाविषयी बोलू दिले नाही. देवमाशाच्या ज्या अवयवाला आपण बाहेरून पर म्हणतो, त्याच्या आत बाहूची, मनगटाची आणि बोटांची हाडे असतात. माशाच्या परात असे काही नसते. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवितो, देवमासा वर-खाली. कारण माशाची शेपूट उभी, याची आडवी. मानेचे मणके सात, आपल्याही मानेत सात, जिराफाच्याही सातच. हुशार मुलगी आपल्या मानेवरून हात फिरवून मणके मोजू लागली. तिला अर्थातच नीट मोजता आले नाहीत.

मग बाईंनी सांगितले की पाणघोड्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोण, तर हा. १९९० नंतरच्या दशकात जनुकांची तुलना होऊ लागली तेव्हा हे नाते उघड झाले. पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एक होते. याच गुजरातेत, कच्छच्या खडकांत, आखूड पाय असलेल्या देवमाशाचे अवशेष मिळाले आणि २००० साली त्याला 'कच्छीसीटस' असे नाव मिळाले. घोडा नसलेला पाणघोडा आणि मासा नसलेला देवमासा, एका बागेत काही पावलांच्या अंतरावर, दोघे भावंडे!

चुकणाऱ्या मुलांना सोबत थोडीथोडकी नाही. ॲरिस्टॉटलने देवमाशाचे श्वास घेणे आणि दूध पाजणे ओळखून त्याला माशांपासून निराळे ठेवले होते. तरीही त्यानंतर दोन हजार वर्षांनी, १७३५ साली, आधुनिक वर्गीकरणाचा जनक कार्ल लिनीअस याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत देवमाशांना माशांतच बसविले. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ती चूक दुरुस्त केली आणि त्याच आवृत्तीत वटवाघळाला माणूस व माकडे यांच्या गणात नेऊन ठेवले. खोडून पुन्हा लिहिणे हा त्या विद्येचा रोजचा धंदाच आहे. आपल्या वह्यांत मात्र खोडलेल्या ओळीला गुण कापले जातात.

एक उणीव सांगितली पाहिजे. प्राणिसंग्रहालय मुलाला खोटे प्रमाण शिकविते. तेथे बहुतेक सारे कणा असलेलेच प्राणी. वस्तुतः नोंद झालेल्या कीटकांच्याच जाती दहा लाखांच्या आसपास आहेत. त्यासाठी पिंजरा नको. डबे खाल्ले त्या झाडाखाली मुंग्यांची रांग होती, आणि मुलांनी तिचे पाय मोजले. सहा.

दुसऱ्या दिवशी तीच चोवीस चित्रे पुन्हा मांडली. देवमासा पाच गटांत पाणघोड्याजवळ गेला. सहाव्याने त्याला मधोमध ठेवले आणि अजून खात्री नाही म्हणून सांगितले. वटवाघूळ पक्ष्यांतून निघाले, कारण अंगावर पिसे नाहीत, केस आहेत. साप, बेडूक आणि मगर यांचा ढीग मोडला; बेडूक ओल्या कातडीचा म्हणून वेगळा झाला. मोडताना त्या मुलाने चित्रांच्या मागे बारीक अक्षरांत 'पुरात' असे लिहून ठेवले.

एक चित्र मात्र पहिल्या दिवशी कोणीच कोठे ठेवले नव्हते. ते माणसाचे होते. आज एका मुलाने ते उचलून केस आणि दूध या खुणांवरून वाघ, देवमासा, वटवाघूळ यांच्या ढिगात ठेवले. हुशार मुलीने ते लगेच बाहेर काढले. तो म्हणाला, तुझ्या मानेत सात मणके आहेत. ती म्हणाली, असू देत, पण ढीग करतो तो आपण. दोघांनी बाईंकडे पाहिले. शरीरापुरते त्याचे बरोबर, असे बाई म्हणाल्या, आणि चित्र कोठे ठेवावे हे त्यांनी सांगितले नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते ढिगाच्या कडेला, अर्धे आत आणि अर्धे बाहेर, पडलेले होते.